काळ्या गुळाचा सिरका: कोल्हापुरातल्या प्रकल्प नोंदी

१५ नोव्हेंबर

गुऱ्हाळं पेटली. आता दोन-तीन महिने ताजा गूळ हाताशी आहे, तेव्हा मनात घोळणारं काम सुरू करते. कोल्हापुरी गुळापासून, स्वयंपाकघरातल्याच वस्तू वापरून सिरका करायचा, आणि तो नुसता आंबट लागतो म्हणून चांगला म्हणायचा नाही, मोजायचा. अन्नसुरक्षेच्या नियमांत आंबवून केलेल्या सिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावं लागतं. मी घरासाठी ४ टक्क्यांच्या वरचं लक्ष्य ठेवते आहे.

चायनीजच्या गाडीवर दिसते ती पांढऱ्या व्हिनेगरची बाटली बहुतेक वेळा ॲसेटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेली असते, आणि लेबलवर 'सिंथेटिक' असं छापलेलंही असतं. दुसऱ्या टोकाला सफरचंदाचा महागडा सिरका. शेजारी गोव्यात नारळाच्या माडीपासून सिरका होतो, तिकडे फिलिपिन्समध्ये उसाच्या रसापासून. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, २०१४ साली इथल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी कोल्हापूरच्या घरात गुळाचा सिरका दिसत नाही. तो असावा असं मला मनापासून वाटतं.

सिरक्याची वाट दारूवरूनच जाते. आधी यीस्ट साखरेची दारू करतं, मग जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या शेवटी बरणीत असते ती गुळाची वाईन, आणि सफरचंद घातलं असेल तर सायडर. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी दारू करता येत नाही. त्यामुळे तिथे मुक्काम करायचा नाही, पुढे जायचं.

१७ नोव्हेंबर

पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गुऱ्हाळावर गेले. सकाळचं काहील उकळत होतं. चुलवाणात चिपाडं सारणारा एक जण, झारा घेऊन उभे असलेले गुळवे मामा, आणि सगळ्या रानात रसाचा तो गोड, किंचित गवताळ वास. रस तापू लागला तसं मामांनी ठेचलेल्या भेंडीच्या रोपांचा चिकट काढा ओतला. काही मिनिटांत हिरवट-काळी मळी वर आली. ती झाऱ्यानं काढून बाजूच्या पिंपात. भेंडीचा चिकटपणा रसातला गाळ धरून वर आणतो, चुना रसाचं आम्ल मारतो आणि गूळ घट्ट बसायला मदत करतो. इथवर जुनी रीत.

प्रश्न त्यापुढच्या पांढऱ्या पावडरीचा आहे. हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घातलं की गुळाला सोन्यासारखा पिवळा रंग येतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश उरतो. नियमानं तो ७० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, चालतो. पण हाच सल्फर डायऑक्साइड वाईनवाले जंतू आणि नको असलेलं यीस्ट रोखायला वापरतात. तेव्हा आंबवायच्या गुळात तो असणं म्हणजे कामाला बोलावलेल्या माणसाला दारातच अडवणं.

मामांना विचारलं, "मामा, पावडर न घातलेला गूळ मिळेल का?"

"मिळंल की ताई. पर रंग बघून नाक मुरडू नका. लोकं येत्यात, बिनकेमिकलचा मागत्यात, आन् काळा दिसला की ठेवून जात्यात."

मी एक किलोची ढेप घेतली. कडा फोडून जिभेवर ठेवली तर आधी गोडी, मग मागून बारीक खारट चव. ती खनिजांची. सोबत अर्धा लिटर काकवीही घेतली. काकवी साधारण १०५ अंशांना उतरवतात, गुळाचा पाक ११८ च्या आसपास. दोन्हींत उसावरचं मूळचं यीस्ट मरून जातं, म्हणून गूळ पाण्यात विरघळवून नुसता ठेवला तर काय उगवेल याचा भरवसा नाही. विरजण आपणच द्यायला हवं.

येताना पेठेतल्या दुकानातून पिवळाधमक गूळही एक किलो घेतला. त्यात हायड्रॉस आहेच असं मी म्हणत नाही. रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर, मळी किती काढली यावरही ठरतो. पण दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आहेत.

१८ नोव्हेंबर

तीन काचेच्या बरण्या, उकळत्या पाण्यानं धुवून, उन्हात वाळवून. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी मुद्दाम टाळली, जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्ल ते बाहेर काढतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम तर अजिबात नको. ढवळायला लाकडी उलथनं.

'का' बरणी: काळा गूळ ६०० ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण ४ लिटर. दोन लिंबांचा रस, मूठभर मनुका कुस्करून.
'पि' बरणी: पिवळा गूळ, बाकी सगळं तेवढंच.
'स' बरणी: सफरचंदं १ किलो, सालीबियांसकट चिरून, पाणी दीड लिटर, साखर ५० ग्रॅम.

लिंबू चवीसाठी नाही. गुळाचं पाणी जेमतेम आंबट असतं आणि तसल्या पाण्यात नको ते जंतू आधी शिरतात. मनुका यीस्टला थोडं नत्र देतात, गुळात साखर मुबलक पण नत्र कमी. कुणी खताच्या दुकानातलं डीएपी टाकायला सांगेल. ते शेतासाठी आहे, पोटात जाणाऱ्या पदार्थात ते घालायचं नाही.

यीस्ट बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं, कोरडं दाणेदार. प्रत्येक बरणीला एक छोटा चमचा, कोमट गुळाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून. फेस आला की जिवंत आहे.

हिशेब असा: लिटरला १५० ग्रॅम गूळ, त्यात साखर साधारण १२५ ग्रॅम. लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून सुमारे १ टक्का दारू होते, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास. आणि १ टक्का दारूतून हिशेबानं साधारण १ टक्का आम्ल, पण वाटेत बरंच उडून जातं. म्हणून ७ वरून निघालं तर ४ ते ५ वर पोचावं.

झाकणाला भोक पाडून मेडिकलमधली नवी सलाईनची नळी बसवली, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात. या टप्प्यात हवा आत नको, पण वायू बाहेर जायलाच हवा. एका बरणीतल्या साखरेतून शंभर लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. घट्ट झाकण लावलं तर काच फुटणारच.

१९ नोव्हेंबर

'का' रात्रीतच सुरू झाली. सकाळी ग्लासात बुडबुड. 'स' दुपारी. 'पि' अजून गप्प.

२० नोव्हेंबर

'पि' आज संध्याकाळी जागी झाली. यीस्ट एकाच पुड्यातलं, पाणी एकच, बरण्या एकाच फळीवर. एवढ्यावरून मी निकाल देणार नाही, पण नोंद पक्की करून ठेवते.

'स'मधले सफरचंदाचे तुकडे वर तरंगून उघडे पडतात आणि तिथेच बुरशी धरते. दिवसातून दोनदा स्वच्छ चमच्यानं खाली दाबते आहे.

२४ नोव्हेंबर

रात्री पारा उतरतोय, सकाळी अंगणात शाल लागते. बुडबुडे मंदावले. बरण्या उचलून फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवल्या, तिथे ऊब असते. तासाभरात फरक पडला. यीस्टला २५ ते ३० अंश मानवतात.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नाक जवळ नेऊन विचारलं, "अगं, घरात दारूचा वास यायला लागला. पाहुणे आले तर काय सांगायचं?" सांगितलं, सिरका करतेय, अर्ध्या वाटेवर आहे. त्यांनी मांजरपाटाचे चार तुकडे काढून दिले, पुढच्या टप्प्याला लागतील म्हणून.

१ डिसेंबर

गोडी संपली. 'का'ची चव कोरडी, किंचित कडवट, मागे गुळाचा धुरकट सुगंध. तळाला यीस्टचा मातकट थर. नळी तोंडानं न ओढता, पाणी भरून, खालच्या भांड्यात धार सोडली आणि वरचं निवळ तेवढं काढलं. थर तसाच राहू दिला असता तर चव उग्र झाली असती. 'स' मात्र गाळणीतून आणि कापडातून दोनदा गाळावी लागली.

आता नियम उलटा. आतापर्यंत हवा बाहेर ठेवली, यापुढे जितकी मिळेल तितकी हवी. लुई पाश्चरनं १८६४ साली दाखवून दिलं की दारूचा सिरका आपोआप होत नाही, जिवंत सूक्ष्मजीव तो करतात आणि त्यासाठी हवेतला प्राणवायू घेतात. फ्रान्समधल्या ऑर्लिअन्सला पिंपं आडवी ठेवून अर्धवट भरायचे, ते याचसाठी: पृष्ठभाग मोठा मिळावा. मीही रुंद तोंडाच्या बरण्या घेऊन निम्म्याच भरल्या.

प्रत्येकीत चार भाग वाईनला एक भाग जिवंत सिरका घातला. तो मैत्रिणीकडून आणला, न तापवलेला, तळाशी माय, म्हणजे सिरका करणाऱ्या जिवाणूंचा थर, असलेला. यानं दोन कामं होतात. जिवाणू मिळतात, आणि पहिल्याच दिवसापासून पाणी इतकं आंबट होतं की बुरशीला पाय रोवता येत नाहीत. तोंडाला मांजरपाट दुहेरी करून, दोऱ्यानं आवळून.

५ डिसेंबर

चिलटं. कुठून येतात कळत नाही, पण सिरक्याचा वास सुटला की हजर. ती पायाला ॲसेटोबॅक्टर, म्हणजे दारूचं आम्ल करणारे जिवाणू, घेऊन फिरतात, म्हणून उघड्या ठेवलेल्या वाईनचा सिरका होतो. पण आत अंडी घातली तर बरणी गेली. दोरा काढून जाड रबर लावलं, आणि शेजारी वाटीत थोडा सिरका व भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब ठेवले. सकाळपर्यंत वाटी काळी झाली.

१३ डिसेंबर

'का'वर माय धरली. आधी पृष्ठभागावर धुक्यासारखा पुसट पडदा होता. आज टॉर्च तिरका धरून पाहिलं तर काठापासून काठापर्यंत ओलसर, अर्धपारदर्शक चामडं, कडेला बरणीला चिकटलेलं. बोटानं दाबलं तर दबतं, फाटत नाही. हे सेल्युलोज, जिवाणूंनी स्वतः विणलेलं. त्यावर बसून ते हवेजवळ राहतात. बरणी हलवली की माय बुडते आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून यापुढे बरणीला हात नाही.

'पि'वर नुसता पडदा. 'स'वर पांढरी, सुरकुतलेली, कोरडी दिसणारी साय आली आहे. ती माय नव्हे, यीस्टची साय. अपायकारक नाही पण चव बिघडवते. चमच्यानं उचलून टाकली आणि थोडा सिरका वाढवला. केसाळ, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला असता तर अख्खी बरणी ओतून दिली असती, वरवर काढून वापरायची नाही.

२२ डिसेंबर

'का'ला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतोय. घाबरायचं कारण नाही. दारू आणि आम्ल एकत्र असताना इथाइल ॲसेटेट तयार होतं, दारू संपत आली की तो वास उतरतो. वाट पाहायची.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचा गूळही त्याच ढेपेतला. वड्या अंमळ काळ्या झाल्या पण घरात सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतल्या. 'का'चा नेलपॉलिशचा वास गेला. नाकात शिरणारा स्वच्छ आंबट वास, मागे काकवीची आठवण करून देणारा.

२५ जानेवारी

आज मोजमाप. प्रयोगशाळा नाही, पण हळद आणि चुना आहे.

पानपट्टीवरून खायचा चुना आणला, बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवला. सकाळी वरची निवळी अलगद काढली. चुना पाण्यात ठरावीकच विरघळतो, त्यामुळे निवळीची ताकद आपोआप जवळपास कायम राहते, आणि याचाच फायदा घ्यायचा. ती ताजीच वापरायची, हवेनं वर पापुद्रा धरतो. डोळ्यांपासून जपायची, हाताला लागली तर धुवायची, आणि ही तपासणी झाली की सगळं मोरीत, पोटात काही नाही.

पांढऱ्या बशीत २० मिली पाणी, त्यात १ मिली सिरका बिनसुईच्या सिरिंजनं, चिमूटभर हळद. मग दुसऱ्या सिरिंजनं निवळी थेंब थेंब. सुरुवातीला थेंब पडेल तिथे क्षणभर लाल ठिपका उमटतो आणि ढवळताच पिवळा होतो. पुढे पुढे तो ठिपका रेंगाळायला लागतो. मग एक थेंब असा पडतो की अख्खी बशी तांबूस होते आणि तशीच राहते. आम्ल संपलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. अंबाबाईच्या देवळाबाहेर कुंकवाच्या राशी बघत मोठ्या झालेल्या बाईला याहून जवळचं रसायनशास्त्र कुठलं?

आधी बाजारातली ४ टक्के लिहिलेली बाटली तपासली, तुलनेला. तिच्या १ मिलीला १५ मिली निवळी लागली.

'का': १८ मिली. म्हणजे ४.८ टक्के.
'पि': १६.५ मिली. ४.४ टक्के.
'स': ११ मिली. जेमतेम २.९ टक्के.

'स'चं कारण हिशेबातच आहे. सफरचंदात साखर दहाएक टक्के, त्यात दीडपट पाणी, वर साखर थोडीच. नुसत्या सालींचा सिरका करायच्या कृती फिरत असतात, त्यांतून तर याहूनही पाणचट काहीतरी निघेल. सॅलडवर शिंपडायला ठीक, पण लोणचं टिकवायला असला सिरका कधीच वापरू नये. त्यासाठी ५ टक्के धरतात.

२ फेब्रुवारी

नणंद ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिला 'का'चा नमुना दिला होता. आज फोन आला.

"वहिनी, पाच मिलीला अर्धा नॉर्मल कॉस्टिक सोडा ७.७ मिली लागला. ४.६ टक्के. तू हळदीनं किती काढलं होतंस?"

"४.८."

"बशीत आणि सिरिंजनं? मी हे मुलांना प्रात्यक्षिकाला लावणार."

थेंबांच्या मोजणीत एवढा फरक राहणारच. पण ३.७५ च्या वर आहे की खाली, एवढं ठरवायला बशी पुरते. ज्या घरात फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे प्रयोगशाळेतलं रंग बदलणारं द्रावण, नाही तिथेही हळद आहे, याचं मला फार अप्रूप वाटतंय.

९ फेब्रुवारी

'का' उतरवली. जास्त दिवस ठेवण्यात फायदा नाही. दारू संपली की हेच जिवाणू आम्लही खायला लागतात, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि सिरका उलट फिका पडतो. माय वेगळ्या बरणीत थोड्या सिरक्यात ठेवली, पुढच्या विरजणाला. उरलेला कापडातून गाळला. निम्मा ६५ अंशांपर्यंत तापवून, दहा मिनिटं तसाच ठेवून, गळ्यापर्यंत बाटल्यांत भरला. निम्मा कच्चाच ठेवला, तोही काठोकाठ, हवा राहू न देता.

रंग गर्द तपकिरी, उजेडात धरला तर माणकासारखा. रात्री मटणाबरोबर कांदा उभा चिरून, मीठ, चिमूटभर तिखट आणि एक चमचा सिरका. दहा मिनिटांत कांद्याचा उग्रपणा गेला. तांबड्या रश्शाबरोबर लिंबाची फोड लागते ती आज कुणी मागितली नाही. आईंनी एक बाटली त्यांच्या बहिणीसाठी बाजूला काढून ठेवली. पांढऱ्या रश्शात मात्र सिरका नको, दूध-नारळ फाटेल.

'पि' अजून पंधरा दिवस ठेवते. दोन बरण्यांवरून पिवळ्या गुळाला नावं ठेवणं योग्य नाही. पण मला विचाराल तर सिरक्याला काळाच घ्या: लवकर सुरू झाला, माय जाड धरली, आणि चवीला पिवळ्यापाशी गोडीखेरीज फारसं नव्हतं, काळ्यापाशी खनिजांची ती खारट किनार सिरक्यातही उतरली आहे.

१६ फेब्रुवारी

गुळवे मामांना एक बाटली नेऊन दिली. वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि पिंपाकडे बघून म्हणाले, "ताई, ह्या मळीचं बी असं काय हुईल का?"

मळीत भेंडीचा चिकटा आणि चुना दोन्ही असतात, चुना आम्ल मारतो, म्हणून ती नको. पण काहील धुतलेल्या पाण्यात साखर जाते ती वायाच. त्यांनी उद्याचं पहिलं धुवण कॅनमध्ये भरून ठेवायचं कबूल केलं आहे. ते उकळून, गोडी बघून लिटरला १५० ग्रॅमपर्यंत गूळ वाढवून, 'का'च्या मायेवर लावायचं. हंगाम संपायला आता फार दिवस नाहीत, त्यामुळे काकवीची बरणीही याच आठवड्यात: ४ लिटरला ७०० ग्रॅम काकवी, कारण तिच्यात पाणी जास्त. लिंबू, मनुका आणि यीस्ट पहिल्यासारखंच.